डावा कौल

बकुळा : एवढंच करा दाजी. डावी कळी नीट ओली नका करू. बाकी मला काय नको.

दाजी : बकुळा, आधी वर ये. सावलीत बस. पायरीवर उभी राहून असलं बोलू नको.

बकुळा : बसायला वेळ नाय. लवू जेवून इकडंच येतोय. तो यायच्या आत तुमी हो बोला.

दाजी : कशाला हो म्हणू? मी गुरव. देवीआईच्या अंगाला कळ्या लावायचं माझं काम. उजवी सुटली तर जा, डावी सुटली तर थांब. कुठली सुटेल ते तिचं ती बघेल.

बकुळा : मला काय पोर समजता? कळी भिजवून दाबून बसवली की बसते. सुकी टेकवली की पडते. आख्ख्या हर्णै गावाला म्हाईत हाय ते, कोण बोलत नाय एवढंच.

दाजी : माझ्या बापानं कधी हात वाकडा केला नाही. मीही नाही केला.

बकुळा : म्हणून तर आले. हात वाकडा करणाऱ्याचा कौल लवूनं मानला असता काय?

दाजी : आणि माझा मानेल?

बकुळा : कबूल झालाय. आषाढापासून घरात दुसरं काय बोलणंच नाय. मी रडले, जेवण टाकलं, त्याच्या मामाला आणून बसवला. काय उपयोग नाय. शेवटी बोलले, चल, देवीला विचारू. तर बोलला, "ठीक हाय आये. देवी नको बोलली तर नाय जाणार. परत विषय नाय काढणार." शब्दाचा पक्का हाय तो. थोरला पण तसाच होता.

दाजी : चिराग.

बकुळा : त्याचं नाव हितं नको. तिच्यासमोर नको.

दाजी : बरं. भागोजी काय म्हणतो? बाप आहे तो लवूचा.

बकुळा : ते काय बोलतात! अंगणात जाळी विणत बसतात. थोरला गेल्यापासून समुद्राकडं पाठ करून बसतात. मी बोलले, पोराला अडवा. तर बोलले, "माझं आता कोण ऐकतंय." मी एकटी पडले दाजी.

दाजी : आणि दापोलीची नोकरी? गॅरेजात चांगला रमला होता म्हणे.

बकुळा : सोडली. शेठ पगार वाढवून द्यायला तयार होता. पण विठूचं बोलावणं आलं ना! विठूच्या बोटीवर इंजिन बघायचं. ज्या विठूपायी माझा एक पोर गेला, त्याच विठूच्या बोटीवर दुसरा चाललाय. गावात दुसरी बोट नव्हती?

दाजी : विठूपायी नाही गेला तो.

बकुळा : मग कुणापायी? तुमी होतात त्या दिवशी बंदरावर. सगळ्यांच्या मोबाइलवर निरोप आला, वारा सुटणार, बोटी आत घ्या. सगळे वळले. माझा पोर पण वळला. किनारा दिसत होता त्याला. तेवढ्यात विठू वायरलेसवर ओरडला, इंजिन बंद पडलं म्हणून. बाकीच्यांनी नाय ऐकलं? ऐकलं आणि घरी आले. हाच एकटा मागं फिरला.

दाजी : फिरला, दोर टाकला, त्याच्या खलाशांनी विठूची बोट ओढत आणली. विठू आणि त्याचे खलाशी सगळे जिवंत आले.

बकुळा : व्हय. दोर सावरताना लाट आली आणि माझा पोर गेला. विठूच्या पोरांना बाप मिळाला. मला माझा पोर केळशीच्या वाळूत मिळाला.

दाजी : मी होतो तुझ्याबरोबर केळशीला.

बकुळा : होतात. म्हणून तुमाला विचारते. दुसऱ्या कुणाला विचारलं तर बोलतील, बाई खुळावली. त्याला कोण बोललं होतं काय मागं फिर म्हणून? कोण नाय. मग कुणी घातलं त्याच्या डोक्यात? जन्मल्यापासून त्याच्यासाठी हितं ओटी भरली मी. वारा थांबव असं नाय मागत. बोट उचलून आण असं पण नाय मागत. एका पोराच्या मनातला एक विचार फिरवायचा होता. थोडी भीती घालायची होती. एवढ्या मोठ्या देवीला तेवढं नाय जमलं?

दाजी : भीती होती त्याला.

बकुळा : तुमाला काय म्हाईत?

दाजी : विठू सांगतो. वायरलेसवर आवाज कापत होता त्याचा. म्हणाला, "विठूकाका, जाम भीती वाटतेय मला. पण येतो. दिवा लावून ठेवा."

बकुळा : हे मला कोण बोललं नाय.

दाजी : विठू आला होता तुझ्या दारात सांगायला. दोनदा आला. तू दार लावून घेतलंस.

बकुळा : भ्यायला होता पोर माझा?

दाजी : हो.

बकुळा : आणि तरी गेला.

दाजी : तरी गेला. आता आईनं आणखी काय घालायला हवं होतं त्याच्या मनात? भीती घालून झाली होती. त्याच्या पुढं जायचं तर सुकाणूवरचे त्याचे हातच धरायला हवे होते तिनं. मग बोट किनाऱ्याला आली असती, पण तिच्यावर चिराग नसता गो. बाहुली असती कुणीतरी.

बकुळा : बाहुली चालली असती मला. घरी आलेली बाहुली चालली असती.

दाजी : असं नको म्हणू.

बकुळा : का नको? तुमच्या पोटचं गेलं नाय. बरं, ऱ्हावदे. पोराला त्याचं मन होतं, मनासारखं वागला, मान्य. पण वाऱ्याचं काय? वाऱ्याला कुठं मन असतं? तो तर तिनंच केला ना? तो कुणी सोडला?

दाजी : माहीत नाही.

बकुळा : गुरव ना तुमी?

दाजी : गुरव आहे म्हणून माहीत असतं असं थोडंच आहे. लोकांना सांगतो मी, वारा नसेल तर पाऊस नाही, पाऊस नसेल तर शेत नाही, सगळं एकात एक गुंतलेलं असतं. सांगतो, आणि सांगताना माझं मलाच पुरत नाही ते.

बकुळा : राग मानू नका, पण एक विचारते. तुमची वेदिका.

दाजी : विचार.

बकुळा : अकरा वर्षांची झाली नात तुमची. अजून मान धरत नाय, दोन शब्द बोलत नाय. तिनं काय ठरवलं होतं? ती कुठल्या बोटीवर गेली होती?

दाजी : कुठल्याच नाही.

बकुळा : मग?

दाजी : मग काय. सकाळी इथं आईला अंघोळ घालतो, घरी जाऊन वेदिकाला घालतो. पाणी त्याच विहिरीचं. आई दगडाची, पण ताठ उभी असते. वेदिकाचं अंग हातातून निसटतं. एका हातानं मान धरायची, दुसऱ्या हातानं तांब्या. रोज मनात येतं, हे उलटं का? रोज येतं बकुळा. तू आज विचारलंस म्हणून नाही.

बकुळा : तिच्यासाठी कौल लावलात कधी?

दाजी : लावला. दोन वर्षांची होती तेव्हा. चालेल का म्हणून विचारलं.

बकुळा : आणि डावी पडली.

दाजी : उजवी. हात काढतो न काढतो तोच सुटली. मी त्या खांबाला धरून रडलो. धावत घरी गेलो, सुनेला सांगितलं. वाडीत पेढे वाटले आम्ही.

बकुळा : हे पण मला म्हाईत नव्हतं.

दाजी : पेढे तूही खाल्लेस. कशाचे ते सांगितलं नव्हतं.

बकुळा : आणि तरी तुमी हितं येता? दुसऱ्यांना कौल लावता?

दाजी : मध्ये नव्हतो येत. पुतण्या करायचा पूजा. मी घरी बसून होतो, ह्या बाजूला बघायचंसुद्धा नाही असं ठरवून. मग एक दिवस वेदिकाला भरवत होतो. तिनं सगळा भात माझ्या अंगावर थुंकला आणि हसली. पोटातून हसली. मला वाटलं, हिला हे कुणी दिलं? आम्ही तर नाही शिकवलं. ज्यानं कुणी दिलं असेल, त्याला बाकीचंही विचारायला नको का? घरात बसून कसं विचारणार? दुसऱ्या दिवशी आलो. पूजेला म्हणून नाही, भांडायला आलो. पण आलो की पूजा करावीच लागते.

बकुळा : म्हणजे कौल खोटाच की.

दाजी : खोटा म्हणवत नाही. खरा म्हणायला वेदिकाकडं बघवत नाही.

बकुळा : मग कशाला अडता दाजी? जी आपोआप पडते तिचा पण भरवसा नाय, तर माझ्या मनासारखी पाडा. देवीचं काय बिघडतं? माझा पोर तरी घरी राहील.

दाजी : राहील.

बकुळा : दापोलीत राहील. शनिवारी घरी येईल. लग्न होईल त्याचं. मी त्याला जेवताना बघीन.

दाजी : बघशील. आणि त्याला वाटत राहील, देवी नको म्हणाली. त्याच्या जन्माचं त्याच्या आईनं आणि एका म्हाताऱ्यानं दुपारी पायरीवर ठरवून टाकलं, हे त्याला कधी कळायचं नाही.

बकुळा : नको कळूदे. जिवंत राहील ना?

दाजी : राहील म्हटलं की.

बकुळा : मग झालं.

दाजी : ठीक आहे. करतो.

बकुळा : काय करता?

दाजी : तू म्हणतेस तसं. डावी सुकी टेकवतो.

बकुळा : खरंच?

दाजी : एक गेलाय तुझा. दुसऱ्यासाठी तू माझ्या दारात आलीस. तुला नियम सांगण्याएवढा मी मोठा नाही. आईला माझं काय करायचं ते करू दे. फक्त तू घरी जायचं नाहीस. इथं सभामंडपात बसायचं. मी कळ्या लावीन तेव्हा त्याच्या तोंडाकडं बघत बसायचं.

बकुळा : ते कशाला?

दाजी : माझ्याच्यानं एकट्यानं बघवणार नाही.

बकुळा : दाजी...

दाजी : आला बघ तो. ये रे लवू. नळावर पाय धू आणि वर ये.

लवू : आये, तू आधीच आलीस? ताट तसंच झाकलेलं होतं तुझं.

बकुळा : उपास हाय.

लवू : आज कसला उपास?

बकुळा : असतो एकेक. तू जेवलास ना?

लवू : जेवलो. दाजी, वेदिकाच्या खुर्चीचं चाक अजून आवाज करतंय काय? बेअरिंग गेलंय तिचं. आणून ठेवलंय मी, बसवायचं राहिलंय.

दाजी : सावकाशीनं बसव. आधी हे. तुला काय विचारायचं ते तुझ्या तोंडानं आईसमोर सांग.

लवू : विचारायचं की, विठूकाकाच्या बोटीवर इंजिनाला जाऊ की नको.

दाजी : उजवी पडली तर?

लवू : नारळी पुनव झाली की पहिल्या फेरीला जाणार.

दाजी : आणि डावी?

लवू : नाय जाणार. आयेला शब्द दिलाय.

दाजी : मग पुढं काय?

लवू : पुढं काय, दापोली. शेठ परत घेईल. मोटरसायकली उघडायच्या, लावायच्या.

बकुळा : चांगलं काम हाय ते.

लवू : वाईट हाय असं मी कुठं बोललो?

बकुळा : मग का रे? तुला का जायचंय? इतके दिवस नुसतं "जायचंय, जायचंय" करतोस. कशासाठी ते कधी बोललास?

लवू : तू कुठं विचारलंस? मी तोंड उघडलं की तू रडायचीस.

बकुळा : आता विचारते. नाय रडत. बोल.

लवू : तू ऐकून घेशील?

बकुळा : बोल बोलले ना.

लवू : विठूकाकानं नंतर नवीन इंजिन बसवलं. जुनं बंदरावर ताडपत्रीखाली पडलं होतं. त्या दिवशी बंद पडलं होतं ते. मी होळीला आलेलो तेव्हा त्याला विचारून उघडलं.

बकुळा : कशाला?

लवू : बघायचं होतं मला. वाटलं, आत काय मोठं तुटलं असेल. पिस्टन गेला असेल. काय नव्हतं आये. डिझेलच्या फिल्टरखाली एक वाटी असते, तिच्यात पाणी साठलं होतं. बस. वाटी सोडायची, पाणी काढायचं, पाइपातली हवा काढायची, परत स्टार्ट मारायचा. शिकलेला माणूस असता तर हलत्या बोटीत पण झालं असतं. दादाला मागं फिरावंच लागलं नसतं.

बकुळा : होळीपासून हे तुझ्या पोटात हाय?

लवू : मग काय सांगणार होतो तुला? दादा वाटीभर पाण्यापायी गेला म्हणून?

बकुळा : माझ्या बापा.

लवू : आधी विठूकाकाचा राग आला. त्याच्या तोंडावर बोललो पण. तो बोलला, "मला येत नव्हतं रे. आमाला कुणी शिकवलंच नाय." मग मी परत दापोलीला गेलो. तिथं एक जण नवी बुलेट घेऊन आला, सायलेन्सरचा आवाज मोठा करून दे बोलला. मी करत होतो आणि मनात आलं, हे मी काय करतोय? मला इंजिन येतं. समुद्रावर लोक हायत, त्यांना येत नाय. आणि मी हितं बसून आवाज मोठा करून देतोय.

बकुळा : तुला भीती नाय वाटत?

लवू : वाटते ना. दादाला आणलं तेव्हापासून मी गुडघाभर पाण्यात गेलो नाय. तुला कळलं नसेल.

बकुळा : मग कसा जाशील?

लवू : म्हाईत नाय. म्हणून तर तू कौल बोललीस तेव्हा बरं वाटलं मला. खरं सांगतो. डावी पडली की सुटलो. देवीच नको बोलली, आपण काय करणार? माझ्यावर काय राहणार नाय.

बकुळा : आणि परत एखादी बोट बंद पडली, तू ऐकलंस, मग?

लवू : मग... तेव्हाचं तेव्हा. त्याचा आता विचार नको आये. देवी सांगेल तसं. दाजी, लावा तुमी.

दाजी : कळ्या घेतल्या. पाणी घेतलं. बकुळा, लावू?

लवू : तिला काय विचारता? मी विचारतोय ना कौल.

दाजी : बकुळा.

बकुळा : माझ्याकडं नका बघू.

दाजी : एकदा लावल्या की मग मागं नाही येता येत. लावू का?

लवू : आये, काय झालं?

बकुळा : थांबा. दाजी, बाहेर या तुमी. कौल नको.

लवू : तूच तर बोललीस कौल लावू म्हणून!

बकुळा : मीच बोलले, मीच नको बोलते. त्या कळ्या पायाशी ठेवा तिच्या, आणि या बाहेर. लवू, बस हितं. माझ्यासमोर बस. हे बघ, देवी काय बोलली असती ते मला म्हाईत नाय. माझं ऐक. तू जायला नको मला. परत केळशीला जायची ताकद नाय माझ्यात. मला तू घरात पाहिजेस, मग तुझं मन लागो नायतर न लागो. इतकी वाईट हाय मी. हे सगळं माझं हाय, देवीचं नाय. तिच्या नावावर घालायचं नाय मला.

लवू : मग नको जाऊ?

बकुळा : मी नकोच बोलणार. आज विचार, उद्या विचार, मरताना विचार, मी नकोच बोलणार. पण ठरव तू.

लवू : असं कसं आये? तू नको बोलतेस आणि वर ठरव बोलतेस.

बकुळा : व्हय. दोन्ही बोलते.

लवू : आणि गेलो तर? तू जेवणार नायस. दार लावून बसशील.

बकुळा : रडेन. ते माझं मी बघेन. दार नाय लावणार.

लवू : दाजी, तुमी तरी सांगा.

दाजी : मी काय सांगू पोरा? मघाशी सांगायला निघालो होतो. बरं झालं, तुझ्या आईनं थांबवलं.

लवू : मला वाटलं होतं, आज सुटेन.

बकुळा : मला पण वाटलं होतं रे.

(मार्गशीर्षातली सकाळ. तेच देऊळ. बकुळा गाभाऱ्यासमोरून उठून बाहेर येते. दाजी पायरीवर बसले आहेत.)

दाजी : बंदरावरून आलीस?

बकुळा : व्हय. काल गेल्या बोटी. परवापर्यंत येतील. लवू पण गेलाय.

दाजी : हाताचं बोट कसं आहे त्याचं?

बकुळा : भरत आलंय. अर्धंच राहिलं ते आता. इंजिनाच्या पट्ट्यात गेलं तेव्हा दापोलीला नेईस्तवर शुद्ध होती त्याला. डॉक्टरला विचारत होता, डावा हात हाय ना, पाना धरता येईल ना? मी तिथं पण बोलले, बस झालं आता. टाके निघाले आणि परत गेला.

दाजी : पहिल्यांदा ठरवलं तेव्हा काय म्हणाला होता तुला?

बकुळा : काय नाय. कौलाचं झाल्यावर आधी दापोलीलाच गेला की! मला वाटलं, जिंकले. गणपती झाले, दसरा आला. एक दिवस मधेच घरी आला, जेवायला बसला. बोलला, "आये, मी उद्या विठूकाकाकडं जातोय." मी नको बोलले. तो बोलला, "मला म्हाईत हाय." भात वाढला मी. त्याचे बाबा विणायचं जाळं ठेवून आत आले, त्याच्या बाजूला बसले. पहिल्या फेरीला उलट्या करून अर्धा झाला होता पोर.

दाजी : बुरोंडीची बोट बंद पडली होती, ते ऐकलं मी.

बकुळा : ती त्यानं चालू करून दिली. तिच्या आधीची एक चालू झाली नाय. ओढूनच आणावी लागली. सगळीच काय त्याच्या हातानं होणार नायत, मी बोलले. विठू पण तेच बोलला त्याला.

दाजी : विठू येतो वाटतं घरी?

बकुळा : येतो. दार उघडलं मी. त्या दिवसाचं सगळं सांगायला लावलं त्याला, वायरलेसवर काय काय बोलणं झालं ते. तो रडला. मी चहा नाय दिला. नाय द्यावासा वाटला.

दाजी : असू दे.

बकुळा : वेदिका कशी हाय?

दाजी : परवापासून आकडी येतेय तिला. थांबत नाही लवकर. सून मांडीवर घेऊन बसलीय. आज तालुक्याला न्यायची आहे, गाडी येईल आता.

बकुळा : आणि तुमी हितं?

दाजी : गाडी येईपर्यंत पूजा उरकून घेतली. आत तू बसली होतीस, म्हणून बाहेर थांबलो. बराच वेळ होतीस आज.

बकुळा : भांडत होते.

दाजी : कशावरून?

बकुळा : वाऱ्यावरून. मग तुमच्या वेदिकावरून. सगळं बोलले तिला. माझ्या चिरागचं नाव घेऊन बोलले. उत्तर नाय दिलं तिनं.

दाजी : नाही देत.

बकुळा : मला तर वाटतं, तिच्याकडं पण नसेल. मग बोलून बोलून थकले. तिच्या तोंडाकडं बघत होते. डोळे कसे उघडे हायत तिचे, मिटत नायत कधी. मनात आलं, बाई, तू पण माझ्यासारखी बघतच बसतेस काय, पोरं पाण्यावर सोडून?

दाजी : मग?

बकुळा : मग काय. बसलो दोघी जरा वेळ.